शरयूताईंची फळी

आम्ही फळी धरली की शरयूताईंना गप्पा मारायची हुक्की येत असे. फळी म्हणजे कोपरं आणि पायांचे चवडे तेवढे जमिनीला टेकवायचे आणि बाकीचं सगळं अंग एका रेषेत उचलून धरायचं. हल्ली जिममध्ये जाणारा कोणीही त्याला इंग्रजी नावानं ओळखतो, पण भोपाळमधल्या सोनागिरीच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये आम्ही मुली ती फळी म्हणूनच शिकलो. पोट थरथरू लागे, घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबे, आणि नेमकी हीच वेळ साधून ताई शेजारी येऊन बसत आणि अगदी निवांत आवाजात विचारत, "काय गं, आज डब्यात काय होतं?"

उत्तर द्यावंच लागे, आणि तेही पूर्ण वाक्यात. नुसतं "भेंडी" म्हणून सुटका नव्हती. भेंडी भरून केली होती की चिरून, चिकट झाली होती का, पोळी आईनं केली की बाबांनी, अशी साग्रसंगीत चौकशी चाले. आवाज चिरकला किंवा वाक्य मध्येच तुटलं की ताई "खाली" एवढंच म्हणत. मग समजावून सांगत, "बोलता येत नाही म्हणजे श्वास कोंडलायस. श्वास कोंडून घट्ट केलेलं पोट हे पोट नव्हे, फुगा आहे. फुग्यावर नाच उभा राहत नाही."

माझ्या शेजारी शिवानी नावाची मुलगी असे. तिच्या वडिलांचं सोनागिरीच्या बाजारात कापडाचं दुकान होतं. ती कळवळून म्हणायची, "ताई, आलू... आलू की..." ताई आपल्या पुणेरी हिंदीत विचारत, "आलू की क्या? पूरा बोलो, नहीं तो नीचे." शिवानी धपकन खाली पडे, आणि तिच्या हसण्यानं आम्ही बाकीच्याही पडत असू. सगळा वर्ग असा आडवा झाला की ताईंनाही हसू आवरत नसे.

ताईंना जाऊन आता वर्ष होत आलं. पुण्यात मुलाकडे असताना त्या गेल्या, झोपेतच. ती बातमी इतरांना सांगताना लक्षात आलं, की ज्यांनी ताईंना पाहिलेलं नाही त्यांना त्या कशा होत्या हे सांगणं फार अवघड आहे. नर्तकी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं त्यांच्याकडे काहीच नव्हतं. बुटक्या, चांगल्या रुंद, केसांचा आवळून घातलेला अंबाडा, सुती पंजाबी ड्रेस आणि कमरेला करकचून बांधलेली ओढणी. यजमान भोपाळजवळच्या मंडीदीपच्या एका कारखान्यात लागले म्हणून त्या लग्न होऊन भोपाळला आल्या आणि भरतनाट्यमचा वर्ग काढून इथल्याच झाल्या. पोह्यांबरोबर जिलबी खाणाऱ्या गावाबद्दल सुरुवातीला त्या नाक मुरडत असत म्हणे. मी त्यांना ओळखू लागले तेव्हा रविवारच्या वर्गानंतर ती जिलबी कोपऱ्यावरून कोण आणणार हे त्याच ठरवत.

चालताना त्या डावीकडे किंचित झुकत. त्या लहानपणी शिकत तिथे अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं, खोल व्हावं म्हणून मोठ्या मुली लहानींच्या मांड्यांवर उभ्या राहत. त्याचं रडगाणं ताईंनी कधी गायलं नाही. "भोपाळात थंडी पडणार हे माझ्या डाव्या खुब्याला आधी कळतं, पेपरवाल्यांना नंतर," असं म्हणून त्या हसत. एकदा मात्र शिवानीनं विचारलं, तुम्ही स्टेजवर खूप नाचलात का, तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "नाही. मी बऱ्यापैकी नाचणारी होते. थांबवणारी मात्र मी फार चांगली आहे."

आणि ते खरं होतं. त्यांच्याकडे आलेल्या मुलीला घुंगरू बांधायला मिळायला फार वेळ लागे. आधी तिला जमिनीवर पाडलं जाई. पाठीवर झोपून हात-पाय वर करायचे आणि मग उजवा हात नि डावा पाय सावकाश खाली सोडायचा, नंतर उलट. याला ताई "उताणं झुरळ" म्हणत. हे चाललेलं असताना त्या आमच्या कमरेखाली आपला तळवा सरकवून बघत. तळवा आत गेला म्हणजे कंबर सुटली, म्हणजे झुरळ पुन्हा पहिल्यापासून. आमची आई नागपूरची, मनात ठेवून घेणाऱ्यांतली नव्हे. ती एक दिवस येऊन म्हणाली, "ताई, ही पोरगी तर इथं नुसती लोळूनच राहिली. लोळायला घरी गादी आहे ना बाप्पा!"

"लोळू दे हो," ताई म्हणाल्या. "नाच पायांतून निघतो असं बघणाऱ्याला वाटतं. तो निघतो बेंबीच्या मागून. तिथे काही नसेल तर पाय काय करतील बिचारे?"

आईला ते पटलं नाही. पण ताईंच्या बोलण्यात एवढा ठामपणा असे, की न पटताही माणूस गप्प बसत असे.

पायांच्या ताणाबाबत तर त्या फार कडक होत्या. अंग तापल्याशिवाय ताण नाही. हॉलमध्ये गोल गोल चालून, उड्या मारून, अडवू, म्हणजे भरतनाट्यमची मूळ पावलं, करून घाम फुटला की मगच पाय पसरायचे. पसरल्यावर हिसके द्यायचे नाहीत. "झटके कपडे वाळत घालताना द्यायचे," त्या म्हणत. "गुडघा जिकडे बघेल तिकडेच पाऊल बघेल," हे तर अरमंडीत बसल्याबसल्या कानावर पडून आम्हाला पाठ झालं होतं. आमच्यातल्या भोपाळात जन्मलेल्या मुली कळवळून म्हणत, "ताई, माझ्या पायात खिंचाव येतोय." ताई विचारत, "कुठे येतोय? मांसाच्या मधोमध ओढ लागत असेल तर बस. सांध्यापाशी टोचत असेल तर ऊठ. मला विचारायलासुद्धा थांबू नकोस."

आणि या सगळ्यावर एक पालुपद होतं: "जेवढं उघडशील तेवढं पेलता आलं पाहिजे." ते ऐकून ऐकून आम्हाला त्याचा कंटाळा आला होता. त्याचा अर्थ मला कळला तो मी सोळा वर्षांची असताना, आणि तो कळवायला आमचे बाबा कारणीभूत झाले.

त्या वर्षी हिवाळ्यात माझं अरंगेत्रम ठरलं होतं. अरंगेत्रम म्हणजे मुलीचा पहिला पूर्ण एकटीचा कार्यक्रम. मला दुसरं काही दिसत नव्हतं. सभागृह ठरलं, पत्रिका छापून वाटल्या, नागपूरच्या आजी-आजोबांची तिकिटं निघाली. शेवटची रचना शिवाची होती आणि तिच्यात एका पायावर उभं राहून दुसरा पाय वर उचलायचा होता. कसलेल्या नर्तकी तो थेट कपाळापर्यंत नेतात. ताईंनी माझ्यासाठी तो कमरेच्या उंचीला बसवला होता. "याच्या वर तुझं पोट अजून पेलत नाही. पेलेल तेव्हा नेऊ," असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मला ते मान्यही होतं.

मान्य नव्हतं ते निमकरकाकांना. निमकरकाका आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेला माणूस. त्यांनी अरेरा कॉलनीतल्या एका वर्गाचा कार्यक्रम पाहिला होता आणि तिथल्या मुलीनं पाय कपाळाला लावला होता. ते गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाता खाता बाबांना म्हणाले, "तुमच्या मुलीचे पाय अजून पूर्ण उघडत नाहीत वाटतं."

बाबा सोनागिरीजवळच्या मोठ्या कारखान्यात टूलरूमचे इंजिनीअर. यंत्राच्या सुट्या भागांना लागणारी अवजारं आणि साचे करणारं खातं ते. अडचण म्हणजे काहीतरी जे स्क्रूनं सुटतं, अशी त्यांची आयुष्याकडे बघण्याची पद्धत होती. त्यांनी सुट्टीच्या दिवशी घरीच एक यंत्र बनवलं. दोन सागवानी फळ्या एका टोकाला बिजागरीनं जोडलेल्या, मध्ये आडवा लांब स्क्रू, त्याला हातानं फिरवायचं चाक आणि बिजागरीपाशी कोन मोजायला पितळी पट्टी. फळ्यांना पाय पट्ट्यांनी बांधायचे आणि चाक फिरवायचं, की पाय आपोआप उघडत जाणार. बाबांनी त्याला "पादप्रसारक" असं नावही दिलं. आई म्हणाली, "पोरीचा काय उसाचा रस काढता का?" पण बाबांच्या चेहऱ्यावरचा आनंद इतका निखळ होता की ती पुढे बोलली नाही. माझ्यावर त्यांचा फार जीव होता आणि तो त्यांना असाच दाखवता येई.

सकाळी अंथरुणातून उठल्या उठल्या, अंग गार असताना, मी त्या यंत्रात बसायची. बाबा पट्टीवरचा कोन वाचत आणि चाक थोडं पुढे नेत. काही दिवस पाय खरोखरच जास्त उघडले. मग एका सकाळी उजव्या जांघेत काहीतरी झालं. मोठा आवाज नाही, काही नाही, आतून कोणी चिमटा काढून तो धरूनच ठेवावा तसं. मी ओरडले. बाबांनी चाक भराभर उलटं फिरवलं.

डॉक्टरांनी जांघेतला स्नायू दुखावल्याचं सांगितलं आणि नाच बंद केला. संध्याकाळी ताई घरी आल्या. मी पलंगावर होते, यंत्र कोपऱ्यात होतं. कोणी सांगायची गरजच पडली नाही. ताईंनी ते बघितलं, जवळ जाऊन चाक सावकाश फिरवून पाहिलं.

"तुम्ही केलंत?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो."

"काम सुंदर आहे हो," ताई म्हणाल्या आणि ते त्या मनापासून म्हणत होत्या. मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं, "कार्यक्रम या वर्षी होणार नाही."

मला रडू फुटलं. बाबांचाही आवाज चढला. तारखेला अजून अवधी आहे, डॉक्टर दुखण्याच्या गोळ्या देतील, तो एक पाय नका उचलू, बाकी तर सगळं बसलंय, असं ते एकामागून एक बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, पत्रिका वाटून झाल्यात."

"पत्रिका पुन्हा छापता येते," ताई म्हणाल्या. "जांघ कुठे छापून मिळते?"

बाबा चिडून म्हणाले, "मग आम्हाला दुसरीकडे विचारावं लागेल. अरेरा कॉलनीत तयार होतील." मला वाटलं आता ताई उठून जाणार. त्यांनी आईनं दिलेला चहा शांतपणे संपवला आणि विचारलं, "मला एक सांगा, तुमच्याकडे नवीन यंत्र बसवलं की त्याच्यावर लगेच पूर्ण भार टाकता का?"

"छे! आधी रिकामं चालवायचं. मग थोडा थोडा लोड वाढवायचा."

"आणि यंत्र जमिनीवर तसंच ठेवता?"

"तसंच कसं? आधी फाउंडेशन. ते नीट पक्कं झाल्याशिवाय यंत्राला हातसुद्धा..." एवढं बोलून बाबा थांबले. बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा यंत्राकडे, आणि खाली मान घालून म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात धरू या."

पादप्रसारकाच्या फळ्यांचं पुढे दारातलं चपलांचं स्टँड झालं. पितळी पट्टी मात्र बाबांनी टाकली नाही, ती त्यांच्या अवजारांच्या पेटीत गेली.

ते वर्ष मला आधी अजिबात आवडलं नाही. पुष्कळ दिवस नुसती विश्रांती. मग ताईंनी मला नवीन आलेल्या लहान मुलींच्या रांगेत जमिनीवर झोपवलं आणि उताण्या झुरळापासून सुरुवात केली. मला लाज वाटे, ताईंचा राग येई, आणि मी तो लपवत नसे. ताईही त्याची मुळीच पर्वा करत नसत. मग कधीतरी, नक्की केव्हा ते सांगता येणार नाही, अंगात फरक कळू लागला. अरमंडीत बसले की पूर्वी मांड्या सगळं ओझं ओढत, आता ते पोटाकडून वाटून घेतलं जाऊ लागलं. पाय उचलताना हाताची मदत लागेना. पावसाळा सरता सरता एका सकाळी पाय छातीच्या वर गेला आणि तिथे राहिला. दिवाळीनंतर तो कपाळापर्यंत पोचला, कोणी ओढून नव्हे, माझ्या स्वतःच्या बळावर. ताईंनी बघितलं आणि विचारलं, "बोलता येतंय का?" मी त्याच अवस्थेत सकाळच्या नाश्त्याचं साग्रसंगीत वर्णन केलं. ताई म्हणाल्या, "कार्यक्रमात हाच ठेवू."

कार्यक्रमाच्या दिवशी भोपाळात कडाक्याची थंडी होती. सभागृह भरलं होतं, पहिल्या रांगेत आई-बाबा आणि आजी-आजोबा. ताई स्टेजच्या कडेला हातात टाळ घेऊन गायक-वादकांबरोबर बसल्या होत्या, बोल म्हणायला. एकेक रचना अशी छान होत गेली की मला माझंच कौतुक वाटू लागलं. शेवटची शिवाची तेवढी राहिली होती. एवढ्यात निमकरकाका माइक घेऊन स्टेजवर आले. मंडळाच्या प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचं होतं म्हणून सत्कार आत्ताच उरकून घेऊ, एका मिनिटाचं काम आहे, असं त्यांनी जाहीर केलं.

मराठी मंडळाचं एक मिनिट सगळ्यांना ठाऊक असतं. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांचा परिचय झाला, पाहुण्यांचं भाषण झालं, त्या भाषणाबद्दल निमकरकाकांनी आभाराचं भाषण केलं. मी विंगेत जागच्या जागी पाय हलवत अंग गरम ठेवायचा प्रयत्न करत होते, तर सत्कारमूर्ती म्हणून मलाही बोलावून घेतलं आणि खुर्चीत बसवलं. रेशमी पोशाखात मी पाय जुळवून बसून राहिले. मागचं दार उघडंच होतं, त्यातून वारा येत होता. ताई समोरून माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांनाही काही करता येत नव्हतं. शेवटी टाळ्या झाल्या, खुर्च्या हलल्या आणि लगेच मृदंग सुरू झाला.

मी नाचू लागले. त्या जागेला आले, डाव्या पायावर भार घेतला, उजवा उचलला. पाय कमरेपर्यंत आला तेव्हा उजव्या जांघेत सांध्यापाशी, अगदी बारीक, टोचलं. दुखलं म्हणण्याइतकंही नाही. जोर केला असता तर पाय कपाळाला लागला असता, याची मला आजही खात्री आहे. पहिल्या रांगेत बाबा खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसले होते. मी पाय कमरेच्या उंचीवर थांबवला आणि तिथेच धरला. श्वास घेतला, सोडला. माझं पोट, माझी पाठ, माझं उभं असणं सगळं माझ्या ताब्यात होतं, आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती. ताईंचा आवाज क्षणभरही अडखळला नाही. त्यांनी बोलांचं ते आवर्तन आणखी एकदा म्हटलं आणि मी तशीच, न हलता, उभी राहिले.

कार्यक्रम संपल्यावर ग्रीनरूममध्ये सगळ्यात आधी निमकरकाका आले. "छान, छान. तो पाय तेवढा वर गेला असता ना, तर..."

बाबा मागून म्हणाले, "निमकर, आज लोड एवढाच होता." माझ्या बाबांवर माझं त्या क्षणी जेवढं प्रेम होतं तेवढं मला शब्दांत सांगता येणार नाही.

सगळे गेल्यावर ताई आल्या आणि दार लोटून माझ्यासमोर बसल्या. "कपाळ ठरलं होतं. कमरेवर का थांबलीस?"

"अंग गार झालं होतं, ताई. सांध्यापाशी टोचलं."

"मी खूण केली होती का?"

"नाही."

"एवढी माणसं बघत होती, वडील समोर होते. वाईट नाही वाटलं?"

मी खरं ते सांगितलं. "उचलताना वाटलं होतं. थांबल्यावर नाही वाटलं."

ताई म्हणाल्या, "उद्यापासून लहान मुलींचा वर्ग तू घे."

तो वर्ग ताईंनी कोणाला दिला नव्हता. माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या नाचणाऱ्या मुली त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. मी तसं म्हणाले.

"हो, गेल्या की," ताई उठता उठता म्हणाल्या. "पाय वर नेणाऱ्या मी पुष्कळ तयार केल्या. पण लोकांच्या पोरी जिच्या हातात द्याव्यात अशी मला आज पहिली मिळाली."